नाक मुरडणारी पोर

पोरगी फीत सोडत होती. मावशीनं उतार चढता चढता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मावशीनं काल रोपाला बांधलेली लाल फीत तिनं गाठ उकलून काढली, सदऱ्याच्या खिशात कोंबली आणि पुढच्या रोपापाशी जाऊन बसली.

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. कालची पोर. येऊन तीन महिने झाले नाहीत, आणि आता ती मावशीच्या गाठी सोडणार.

या कोरड्या डोंगरावर दोन झाडं अगदी सारखी उगवतात. एक इथलंच, त्याला सगळे ‘आपलं’ म्हणतात. दुसरं कुठून तरी बाहेरून आलेलं, ते ‘उपरं’. उपरं मोठं झालं की खडकाच्या फटीतली होती नव्हती तेवढी ओल पिऊन टाकतं आणि शेजारचं आपलं उभ्याउभ्या वाळतं. म्हणून ते लहान असतानाच उपटायचं. पण गुडघ्याएवढं होईपर्यंत दोघांचं पान हुबेहूब. ओळखायची रीत एकच, पान चुरडायचं आणि नाकाशी धरायचं. ‘आपल्या’ला असा उग्र वास की डोळ्यांत पाणी यावं. उपऱ्याला वासच नाही. वास नसेल त्याला लाल फीत. मागून कुदळीवाले येतात आणि फीत दिसेल ते उपटत जातात.

वीस वर्षं हे काम मावशीच्या नाकावर चाललं होतं. रोपवाटिकेत तिला नाकमावशीच म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. मग यंदा थंडीत मोठा ताप आला, आणि उतरताना वास घेऊन गेला. तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. सांगितलं असतं तर खाली बियांच्या खोलीत पिशव्या शिवायला बसवलं असतं. ती पान चुरडायची, डोळे मिटून नाकाशी धरायची आणि अंदाजानं ठोकून द्यायची.

आणि ही पोरगी दोन हात लांबून सांगायची. कुणी पान चुरडायचा अवकाश, हिचं नाक मुरडलेलं. मावशी शेजारी जेवायला बसली तरी मुरडलेलं. मला नाक मुरडते, मला, असं म्हणत मावशी घरी जाईपर्यंत जळायची.

“साहेब, जरा वर या,” तिनं हाक मारली.

रोपवाटिकेचे साहेब धापा टाकत वर आले. त्यांच्या मागोमाग कुदळीवालेही आले.

“ही माझ्या फिती सोडते. खिसा बघा तिचा.”

पोरीनं स्वतःच खिशातून मूठभर फिती काढल्या.

“का गं?” साहेबांनी विचारलं.

“मावशींच्या नाहीत त्या. काल मीच चुकीच्या रोपांना बांधल्या होत्या, त्या सोडतेय.”

धडधडीत खोटं. काल ही या अंगाला फिरकलीसुद्धा नव्हती. मावशीच्या मनात आलं, बरी सापडली आयती.

“एका पानात कळेल,” साहेब म्हणाले. “फीत बरोबर असली तर उद्यापासून तू डोंगरावर यायचं नाहीस.” त्यांनी नुकत्याच सोडलेल्या रोपाचं पान तोडलं, चुरडलं आणि मावशीच्या तळहातावर ठेवलं. त्यांना स्वतःला वासातलं ओ की ठो कळत नव्हतं, तपकिरीनं त्यांचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. “बघा मावशी. उपरंच ना?”

मावशीनं डोळे मिटले, तळहात नाकाशी नेला. काही नाही. एक शब्द बोलायचा होता, उपरं. की पोरगी खाली बियांच्या खोलीत आणि मावशी वर.

तिनं डोळे उघडले. पोरगी साहेबांच्या पाठीमागे चार पावलांवर मान खाली घालून उभी होती. मावशीकडे बघतही नव्हती. पण तिचं नाक पार भुवयांपर्यंत मुरडलेलं होतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं.

मावशीनं आपल्या हातांकडे पाहिलं. दिवसभर पानं चुरडून हिरवे झालेले, जेवतानाही तसेच असणारे हात. म्हणजे ही मावशीला नाक मुरडत नव्हती. कधीच नव्हती.

कुदळीवाले तयारीत उभे होते. सगळ्या उतारावर लाल फिती हलत होत्या, आणि सगळ्या मावशीच्या.

“आपलं आहे,” मावशी म्हणाली. “फीत माझीच. आणि साहेब, इथली एकही फीत धरून चालू नका. थंडीपासून मला वास येत नाही.”

साहेबांनी कुदळीवाल्यांना खाली बसायला सांगितलं. “उद्यापासून तुम्ही बियांच्या खोलीत या, मावशी,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “आज दोघी मिळून एवढं निस्तरा.”

पोरगी पुढे निघाली, मावशी मागे. पोरीनं पान चुरडायचं, मावशीनं तिचं तोंड बघायचं आणि मागून येऊन फीत सोडायची किंवा राहू द्यायची. हेवा काही गेला नव्हता. तिचं नाक बघताना तो जास्तच टोचत होता.

दहाबारा रोपं झाल्यावर पोरीनं एक पान चुरडलं आणि चटकन तोंड वळवलं. मावशीच्या देखत नाक मुरडायची आता तिला लाज वाटत होती.

मावशी गाठीवर हात ठेवून थांबली.

“इकडे बघ आणि नीट मुरड की,” ती म्हणाली. “इतक्या लांबून दिसत नाही मला.”