मूळची झिलई

तिसऱ्यांदा भिंग डोळ्याला लावलं, तरी पारख्याला खोट सापडेना.

टेबलावर अंथरलेल्या हिरव्या बनातीवर दुनळी बंदूक पडली होती. खिडकीतून सकाळचं ऊन थेट तिच्यावर येत होतं. समोर साठीची एक बाई मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. आल्या आल्या तिने रीतसर कागदपत्रं पुढे केली आणि एकच प्रश्न विचारला, "हिची झिलई मूळची आहे, की नंतर कोणी चढवली? एवढंच सांगा." चहा नको म्हणाली.

जुन्या बंदुकांच्या बाजारात पारख्याला 'नाहीकाका' म्हणत. दहातल्या नऊ जणांना तो "मूळची नाही" असं सांगून वाटेला लावायचा. चाळीस वर्षांत त्याने भल्याभल्यांचं पितळ उघडं पाडलं होतं. आजही बंदूक उचलताना 'नाही' हा शब्द ओठांवर तयारच होता.

तो शब्द तिथेच राहिला.

कोरीव वेलबुट्टीच्या कडा अजून नखाला लागत होत्या. घासून नवी झिलई केली की आधी त्याच बोथट होतात. स्क्रूंच्या खाचांत पेचकस घातल्याची खूण नव्हती. लाखेचा पातळ थर त्यांच्या डोक्यांवरून सलग गेला होता, म्हणजे बंदूक कधी कोणी खोललेलीच नव्हती. बंदुकीच्या पोटाकडचा, तळहात बसतो तो पट्टा मात्र रंग उडून रुपेरी झाला होता. कोणीतरी ही बंदूक वर्षानुवर्षं, रोज, त्याच जागी धरून वागवली होती.

मग त्याने ती बिजागरीतून उघडली.

नळ्यांची मागची तोंडं जिथे टेकतात, ती पोलादाची उभी भिंत समोर होती. निळा, जांभळा, मधेच वाळल्या गवतासारखा पिवळा. पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तसे एकमेकांत मिसळलेले रंग. भट्टीतून निघाले त्या दिवशी जसे होते, तसेच. त्याच्या उस्तादांनी अशा रंगांचं वर्णन केलं होतं. त्यांनीही ते एकदाच पाहिले होते. काडतुसाला ठोकणारी सुई ज्यातून बाहेर येते, त्या दोन बारीक भोकांभोवतीची लाख काचेसारखी नितळ होती. एक ओरखडा नाही.

पारख्याने भिंग खाली ठेवलं. कोणी थोर माणूस खोलीत यावा तसा तो आपसूक उठून उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला हळू वाटला. "मूळची आहे."

"नक्की? कोणी हुशारीने नंतर चढवली असेल तर?"

"हे रंग कुंचल्याने लावत नाहीत. सगळा सांगाडा सुटा करून भट्टीत घालावा लागतो. तसा घातला असता, तर हा झिजलेला पट्टाही नवा झाला असता ना?" त्याने बंदूक तिच्याकडे वळवली. "तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही बंदूक कधी उडालेलीच नाही."

बाईने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली.

"बनवतात तिथे तपासणीचे बार काढतात, पण ते रंग चढवण्याआधी. त्यानंतर एक जरी बार निघाला असता, तरी या भोकांभोवती लाखेला तडा गेला असता. इतकी वर्षं बंदूक वागवायची आणि चाप एकदाही ओढायचा नाही! कोण होता हो हा माणूस?"

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

तिने वाकून ते रंग जवळून पाहिले. मग बोलू लागली. बंदूक एका कारखान्याच्या पहारेकऱ्याची. कोरी करकरीत त्याच्या हाती दिलेली. एकोणीस वर्षं त्याने ती फाटकावर वागवली. मग एकदा संप चिघळला, फाटकावर गर्दी उसळली, कुठूनसा बार झाला आणि बावीस वर्षांचा एक कामगार जागच्या जागी गेला. पहारेकरी घसा फोडून सांगत राहिला, मी बार काढला नाही, माझी बंदूक बघा. बंदूक तर आतून लखलखीत निघाली. लोक म्हणाले, बार काढून वर झिलई मारून आणली लबाडाने. बारीक नजरेने बघायला कोणाला सवड नव्हती. तो अकरा वर्षं आत होता. बंदूक एकेचाळीस वर्षं कोर्टाच्या कुलपात पडून होती, ती गेल्या महिन्यात सुटली.

"ते आहेत अजून?"

"चौऱ्याऐंशीचे आहेत. हे सगळं लेखी द्याल? मला कोर्टात न्यायचंय."

"देतो की! आणि बोलावतील तिथे येऊन सांगतो." पारख्याने कागद पुढे ओढला. "वडिलांचं नाव सांगा तुमच्या."

"ते माझे वडील नाहीत." बाई म्हणाली. "बंदूक सुटली तसे काठी टेकत माझ्या दारात आले. म्हणाले, मी दाखवली तर कोणी मानणार नाही. पोरी, तूच दाखव, तुला पटेल त्याला दाखव."

"तुमच्याच दारात का?"

"फाटकावर गेला तो माझा भाऊ होता," ती म्हणाली. "आणि यांनी बार काढताना मी डोळ्यांनी पाहिलं, अशी साक्ष मीच दिली होती."