समदं कळलं, बाई

"छान हाय," ऋतुजा म्हणाली आणि तिनं धनश्रीची वही परत केली.

सत्यशीलाबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, नुसतं छान काय? न कळलेलं काहीतरी विचार तिला. एक तरी!"

"समदं कळलं, बाई."

गेवराई तालुक्यातल्या त्या शाळेत, चौथीच्या वर्गात, रोज हेच चाललं होतं. निबंध लिहायचा, जोडीदाराशी वही बदलायची, त्यातलं काय आवडलं ते सांगायचं, काय कळलं नाही ते विचारायचं आणि मग ज्यानं त्यानं आपला निबंध सुधारून लिहायचा. बाईंनी ही पद्धत मोठ्या हौसेनं आणली होती. सुरुवातीला पोरं एकमेकांच्या निबंधांवर तुटूनच पडली. बाई हरखल्या. केंद्रप्रमुख बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं, तर इतर शिक्षकांना शिकवायला बाईंची नेमणूक अंबाजोगाईला होणार होती. आनंदाच्या भरात त्यांनी ते वर्गालाही सांगून टाकलं.

अंबाजोगाईला त्यांचं घर होतं. तीन वर्षांची संस्कृती तिथं आजीपाशी राहत होती आणि अलीकडे आजीलाच आई म्हणायला लागली होती. ते ऐकल्यापासून बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली. धनश्रीचे वडील रामकिसन शाळेत येऊन तावातावानं म्हणाले, "बाई, मेंढरंवाल्याच्या पोरीनं आमच्या पोरीच्या चुका काढायच्या? ही कुठली शाळा म्हनायची?"

त्यानंतर वर्गात कुणी चूक म्हणून काढली नाही. सगळ्यांचं सगळं छान. बाईंना कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ऋतुजाच्या वडिलांची मेंढरं खतासाठी रामकिसनच्याच रानात बसायची. त्याचे चार पैसे मिळायचे. मग पोर तोंड उघडेल कशाला? आणि तिचं बघून बाकीची पोरंही गप्प.

बाईंनी समजावलं, दटावलं, गोळ्यांची लालूच दाखवली. शेवटी पदर खोचून त्या रामकिसनच्या घरी गेल्या आणि चांगल्या तासभर भांडल्या. माणूस तापट, पण मनाचा वाईट नव्हता. केंद्रप्रमुख आले त्या दिवशी तो स्वतः वर्गात येऊन ऋतुजाला म्हणाला, "पोरी, काय चुकलं आसंल ते बिनधास्त सांग. म्या काय बी म्हननार न्हाई."

बाईंना हायसं वाटलं.

धनश्रीनं कपिलधारच्या सहलीचा निबंध वाचला. जाताना सगळे जीपमध्ये बसले होते, येताना मोटारसायकलवर. मध्ये काय झालं, त्याचा पत्ता नाही.

"काय गं, काही विचारायचंय का हिला?" केंद्रप्रमुख शिवशंकर सरांनी विचारलं.

"न्हाई सर. छान हाय."

"आणि त्या जीपचं काय झालं?"

"छान हाय, सर."

मागच्या बाकावरून पुढच्या बाकापर्यंत सगळ्या जोड्यांनी तेच ऐकवलं. सरांनी घड्याळ बघितलं. "बाई, तुमची धडपड दिसते. पण पोरांना हे झेपत नाही. अंबाजोगाईचं आपण पुढं कधीतरी बघू."

पोरांचा बाईंना इतका संताप आला होता, की एकेकाला धरून बडवावं. शाळा सुटल्यावर त्या तोंड धुवायला मागच्या टाकीकडे गेल्या. भिंतीपलीकडून ऋतुजाचा आवाज आला.

"जीप बंद पडली, ते मला सांगितलंस, पन लिवलंच न्हाईस. वाचनाऱ्याला कसं कळंल? आन धबधब्यापाशी नुसती मजा आली म्हनतीस. कशाची मजा ते लिव की. तुझी चप्पल व्हावून गेली, ते लई भारी हाय, ते आधी घे."

"बरं. आन शेवट?" धनश्रीनं विचारलं.

"शेवट घाईत उरकलास. परत लिव."

लेकीला न्यायला थांबलेला रामकिसन चकितच झाला. "आगं, एवढं समदं कळतंय, तर मघाशी सायबापुढं कावून न्हाई बोललीस? म्या तर मोकळीक दिलती तुला."

उत्तर धनश्रीनं दिलं.

"आबा, आमच्या समद्या वर्गाचं ठरलंय. बोललो आस्तो, तर बाईला अंबाजोगाईला नेलं आस्तं ना!"