अतिरिक्त वॉर्डबॉय

दवाखान्याच्या दारात टमटम थांबली, तसा राजपाल सवयीनं बाकड्यावरून उठला. टमटममध्ये एक म्हातारी आडवी होती. ढोकीजवळ उसाच्या ट्रॉलीवरून उतरताना पडली होती, आणि तिचा पाय गुडघ्याखाली वाकडा दिसत होता. तिच्या मुलानं खाली उडी टाकून हाक मारली, "कुणी हाय का हितं?"

राजपालनं भिंतीकडचं स्ट्रेचर ओढलं. तेवढ्यात शिवगंगा आतून पळत आली आणि तिनं दांडा त्याच्या हातातून काढून घेतला.

"सोडा, मामा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "कुलदीप सर आलेत आत."

राजपाल मागं सरला आणि पुन्हा बाकड्यावर जाऊन बसला.

पावसाळ्याआधी सरकारचा नवा आकृतिबंध, म्हणजे कुठल्या कामाला किती माणसं याचा तक्ता, आला होता. वॉर्डबॉयचं काम एजन्सीकडं गेलं आणि राजपाल अतिरिक्त ठरला. दुसरीकडं जागा निघेपर्यंत रोज यायचं, सही करायची, बसायचं. पगार चालू. पण आयुष्यभर पेशंट उचललेल्या माणसाला बसवेना. कुणाला एक्स-रेला ने, कुणाचं सलाईन धर, असं त्याचं चालूच राहिलं. ते बघून एजन्सीच्या सुपरवायझरनं, या कुलदीपनं, आपल्या दोन बायांतली एक कमी केली. सरकारी माणूस करतोय की, मग दुसरी कशाला, असा त्याचा हिशेब.

शिवगंगा तेवढी राहिली. त्याच संध्याकाळी ती राजपालच्या समोर येऊन उभी राहिली होती. "मामा, तुमचं मन लई मोठं हाय, मला कळतंय. पर तुम्ही नुसतं बसत जावा. न्हाय तर पुढल्या खेपंला माझा नंबर हाय."

तेव्हापासून राजपाल बसत होता.

शिवगंगा आणि मुलानं म्हातारीला स्ट्रेचरवर घेतलं. म्हातारी अंगानं भारी. उंबऱ्यापाशी पुढचं चाक अडकलं, स्ट्रेचर तिरकं झालं आणि म्हातारी कळवळली. राजपालचे हात आपोआप पुढं गेले. तपासणीच्या खोलीच्या दारात डॉक्टरीणबाई आल्या होत्या, आणि त्यांच्या मागं कुलदीप. कुलदीप म्हातारीकडं बघत नव्हता. तो राजपालकडं बघत होता.

राजपालनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"ओ, बघता काय नुसतं?" मुलगा ओरडला. "सरकारी हाव न्हवं तुम्ही?"

"व्हय."

"मग हात लावा की!"

"माझं काम न्हाय ते," राजपाल म्हणाला. हे वाक्य त्यानं दुसऱ्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं होतं. स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होता.

"फुकटचा पगार खाता व्हय?" मुलगा स्ट्रेचर रेटता रेटता म्हणाला. "माझी माय हितं वरडतीय अन् ह्यो बसलाय राजावानी. लाज कशी वाटंना?"

केसपेपरच्या ओळीत उभी असलेली माणसं वळून बघू लागली. राजपालच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो समोरच्या भिंतीकडं बघत राहिला.

शिवगंगानं खांदा लावला. चाक उंबऱ्यावर चढलं, आणि म्हातारी आत गेली.

डॉक्टरीणबाई कुलदीपकडं वळल्या. "एकटीवर कसं भागणार? अजून एक बाई द्या."

"बघतो मॅडम," कुलदीप म्हणाला. जाता जाता बाकड्यापाशी त्याची पावलं जरा मंदावली. राजपालनं मान वर केली नाही. बाहेर मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला, मग तोही लांब गेला.

टमटममधून आलेल्यांच्या पायांची काळी माती फरशीभर उमटली होती. शिवगंगा बादली आणि पोछा घेऊन आली. दारापासून पुसत पुसत ती बाकड्यापर्यंत पोचली आणि थांबली. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण ओळीतली माणसं अजून बघत होती.

"पाय वर घ्या, मामा," ती म्हणाली.

राजपालनं दोन्ही पाय उचलले, आणि ती खालून पुसून पुढं गेली तरी, फरशी वाळेपर्यंत तसेच धरून ठेवले.