खोलीतला फोन

"अहो, ओरडताय कशाला? स्वच्छ ऐकू येतंय मला," पलीकडून बायको म्हणाली आणि सार्जंट खरमाळे ओशाळले.

दोन वर्षांची सवय होती. डोंगरमाथ्यावरच्या त्या रडार केंद्रात मेसच्या दारापाशी एकच फोन होता, तोही खरखरणारा. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतकं ओरडावं, तेव्हा कुठे आवाज घरी पोचायचा. रांगेत साहेबही असायचे. यंदा त्याच साहेबांनी केंद्राचा कायापालट केला. गरम पाण्याची सोय झाली, काचघरात मेथी उगवली आणि खोलीखोलीत फोन आला. तेव्हापासून जो तो दार लावून हळूच बोलायचा, आणि जेवताना कुणाला काय विचारावं तेच कळायचं नाही.

"तेजूचा निकाल लागला," बायको म्हणाली. "सीए झाली पोरगी! तिसऱ्या खेपेला का होईना!"

खरमाळ्यांनी खोलीभर पाहिलं. नवा पडदा, नवा हीटर, माणूस एकही नाही. तेजू दोनदा नापास झाली ते अख्ख्या रांगेने ऐकलं होतं. दोन्ही वेळा आचाऱ्याने न सांगता शिरा केला होता.

वायर ताणून त्यांनी दार सताड उघडलं आणि ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "काय? सीए झाली? ऐकू येत नाही, परत सांग!"

पॅसेजमधली दारं धडाधड उघडली. आचारी हातातल्या झाऱ्यासकट धावत आला. सगळ्यांत शेवटी अर्ध्या गालाला साबण लागलेले साहेब बाहेर आले.

"झाली का पास," त्यांनी विचारलं, "आपली तेजू?"