एक इथं, एक तिथं

बायको विशाखा वारल्यावर दोन महिन्यांनी सुखदेवनं पहिल्यांदा तिचा कॅमेरा सुरू केला. क्योटोच्या परिषदेनंतर 'एकटीच फिरले' असं ती लायडनला घरी परतल्यावर म्हणाली होती. राजवाड्याचे फोटो झाले, बागेचे झाले. मग तीन देवळांच्या दारात तिच्या लाल चपलेला खेटून पुरुषाचा काळा बूट दिसला. त्यानं कॅमेरा मुलीपुढे धरला. "आई कुणाबरोबर होती गं?" त्यानं तिला विचारलं. "बाबा, तिथं सगळ्यांचे बूट काळेच. पुढचा फोटो बघ." दुसरी लाल चप्पल लांबच्या कोपऱ्यात होती. देवळात चपला चोरीला जातात, म्हणून एक इथं, एक तिथं ठेवायची, ही त्याचीच शिकवण. विशाखा त्यावरून नेहमी हसायची. "आई फोनवर म्हणाली, जपानात कोण चोरतंय? पण फोटो काढते, बाबा विचारतील." एकटी गेली म्हणून तो रुसला होता. त्यानं विचारलंच नव्हतं.