बिनपायऱ्यांचं कोर्ट

१९५४ साली बोरिवलीच्या खाडीपलीकडच्या गावात कोर्टाची नवी दगडी इमारत उघडली, तेव्हा ती बांधणारा इसिडोर गवंडी गर्दीत अगदी मागे उभा होता. जागा त्याचीच, गावासाठी फुकट दिलेली. मजुरीही त्याने घेतली नव्हती.

लोकल बोर्डाचा मेंबर अनंत दिसताच इसिडोरने त्याला कोपऱ्यात गाठलं.

"दवाखाना म्हणाला होतास ना रे?"

"मंजुरी कोर्टाला आली. मी काय करणार?"

"कधी आली?"

"पाया भरायच्या आधीच."

"आणि मला आज कळतंय?"

"आधी सांगितलं असतं, तर तू एका दगडाला तरी हात लावला असतास का?"

तेवढ्यात मॅजिस्ट्रेटसाहेब हसत इसिडोरकडे आले.

"काम झकास केलंत मिस्त्री. पण दाराला एकही पायरी नाही, नुसता उतार. असं का हो?"

"माझी बायको ज्युलिया बाळंतपणात अडली होती, साहेब. बोरिवलीला नेताना होडीतच गेली. पुढच्या बाईची खाट तरी सरळ आत नेता यावी, म्हणून."