महिन्याचा शेवटचा शनिवार

करिश्मानं त्याला नाचताना पाहिलं आणि हातातली ताटली खाली ठेवून ती खांबाआड सरकली.

श्टुटगार्टमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्यात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आफ्रिकेतली माणसं गाणं-नाचणं भरवत. सेनेगलची, घानाची, कांगोची. सोबत शहरातली गोरी पोरंपोरीही यायची. करिश्मा तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती आणि तिच्याच वॉर्डातली अमिनाता तिला ओढून घेऊन आली होती. अमिनाताचा नवरा ढोल वाजवायचा. सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं, ज्याला वाटेल त्यानं मध्ये उतरायचं आणि त्याच्या पायांना ढोलानं उत्तर द्यायचं.

आता मध्ये उतरला होता तो सत्यम. लातूरचा सत्यम, फोटोत कितीदा पाहिलेला. घामानं निथळत होता आणि हसत होता.

राजकन्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. करिश्माची ती थोरली बहीण. लातूरला कॉलेजात असताना हा सत्यम तिच्या मागं लागला होता, असं घरचे सांगत. तो जातीचा नव्हता, म्हणून भोकरच्या त्यांच्या घरात त्याचं नावसुद्धा कुणी घेत नसे. राजकन्याचं लग्न कंधारला ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी ती नाहीशी झाली आणि नांदेडला गोदावरीच्या घाटावर तिच्या चपला आणि ओढणी सापडली. नदीला पूर होता. प्रेत मिळालं नाही. त्याच आठवड्यात सत्यमही दिसेनासा झाला.

"त्यानंच ढकललं तिला," थोरला भाऊ अंगद म्हणाला. "ती न्हाई म्हणली म्हणून."

पोलिसांनी बुडून मेली असं लिहून प्रकरण मिटवलं. अंगदनं मिटवलं नाही. सत्यम जर्मनीत गेल्याची कुणकुण त्याला लागली. त्या वेळी करिश्माचं नर्सिंग नुकतंच संपलं होतं आणि तिला घराबाहेर ठेवायचं नाही म्हणून बाप अडून बसला होता. त्याला समजावून अंगदनंच तिला लातूरच्या जर्मन भाषेच्या क्लासात घातलं. "तू जा," तो म्हणाला होता. "ताईसाठी जा."

करिश्मा बाहेर अंगणात आली आणि तिनं फोन लावला.

"दादा, सापडला."

पलीकडं अंगदनं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"संगं कोण हाय?"

"कुणी न्हाई. एकटाच नाचून राहिलाय."

"त्याच्यासमोर जाऊ नको. वळखलं तर पळंल. नुसती नजर ठेव. मी येतो."

व्हिसाला वेळ लागला. तोवर दर शेवटच्या शनिवारी करिश्मा त्या खांबाआड उभी राहिली. मोठ्या पातेल्यात शेंगदाण्याचा रस्सा रटरटत असायचा, घरच्या आमटीसारखा वास सुटायचा. पण ती ताटली हातात घेत नसे.

"नाचत नाहीस, खात नाहीस. मग येतेस कशाला?" अमिनातानं एकदा विचारलं.

"बघायला," करिश्मा म्हणाली.

वॉर्डात सुई भरताना तिला सत्यमची मान दिसायची. कुठल्या बाटलीतलं किती दिलं की माणूस परत उठत नाही, हे तिला पाठ होतं. आपण असा विचार करतोय याची सुरुवातीला तिला लाज वाटली. मग वाटेनाशी झाली.

एकदा त्यानं तिला पाहिलंच. तो थबकला आणि गर्दीतून वाट काढत तिच्याकडं यायला लागला. तिला वाटलं होतं, त्याच्या चेहऱ्यावर भीती असेल. नव्हती. उलट काहीतरी बोलायला तो आतुर झाला होता. तिच्या अंगाची आग झाली. ती मागच्या दारानं निघून गेली.

अंगद आला तो उन्हाळ्यात. येताना आईनं दिलेली चटणी आणि धपाटे घेऊन आला. करिश्माच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून निवांत जेवला.

"काय करणार हायेस, दादा?"

"नुसतं विचारायचंय."

"मला नुसतं विचारायचं न्हाई," करिश्मा म्हणाली. "त्यानं जिवाची भीक मागावी. आन् आपण दिऊ नये."

अंगदनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू लई केलंस ताईसाठी."

शनिवारी ते दोघं कारखान्यात शिरले तेव्हा पत्र्यावर अजून ऊन होतं. ढोल वेगळ्याच चालीत वाजत होते. दारात अमिनाता भेटली. "आज एका बाळासाठी वाजवतायत," ती म्हणाली. "पहिल्यांदाच आणलंय इथं."

करिश्मानं टाचा उंचावून पाहिलं. गोलाच्या मध्ये सत्यम होता. छातीशी तान्हं लेकरू धरून संथ पावलं टाकत होता. करिश्माच्या डोळ्यांपुढं घाटावरच्या चपला आल्या. एकीला पाण्यात लोटून यानं दुसरी केली, लेकरू झालं, आणि हा नाचतोय.

"बघ, दादा. संसार मांडलाय त्यानं."

अंगद सत्यमकडं बघतच नव्हता. त्याची नजर बायांच्या घोळक्यावरून फिरत होती.

त्या बायांनी हसत हसत बाळाच्या आईला मध्ये ढकललं. डोक्यावर आखूड केस, अंगावर अमिनातासारखाच मोठ्या फुलांचा झगा. पाठमोरी होती. तिनं एक गिरकी घेतली.

राजकन्या होती ती.

राजकन्यानं तिला पाहिलं, ओळखलं, आणि दोन्ही हात पसरून ती धावत निघाली. मग तिची नजर करिश्माच्या खांद्यामागं गेली आणि पाय जागीच थिजले. तिनं वळून सत्यमकडं पाहिलं, बाळाकडं पाहिलं.

अंगदनं करिश्माला हळूच बाजूला सारलं.

"तीन वर्षं हिलाच हुडकून राहिलो होतो," तो म्हणाला. "तू आता खोलीवर जा, बाई."